आधी बटण, मग दिवा

आमच्या घरात काम झालं की प्लग काढतात. नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा, वायरीची गुंडाळी करायची आणि ती झोपलेल्या मांजरासारखी कोपऱ्यात ठेवायची. हा मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, नियम. ते पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. सगळी नोकरी व्हॉल्व्ह उघडण्यात आणि वेळेवर बंद करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर व्हॉल्व्ह राहिले नाहीत, म्हणून त्यांनी घरातली बटणं हाताशी धरली. मिक्सरचा प्लग, इस्त्रीचा प्लग, पाहुण्यांच्या मोबाइलचा प्लग. एकदा आम्ही सगळे बाहेरगावी निघालो, तेव्हा दाराबाहेर पडता पडता त्यांनी फ्रिजचाही काढला. परत आल्यावर फ्रिजनं आमचं जे स्वागत केलं, त्याबद्दल मी चारचौघांत बोलत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचं खापर सगळ्यांनी याच सवयीवर फोडलं. मीसुद्धा.

काम तसं एवढंसं होतं. ड्रोनवर एक छोटा कॅमेरा बसवायचा आणि त्याला वीज द्यायची.

ड्रोन ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. आमच्या ह्यांच्या हौशी पाळण्यात फार गोजिऱ्या दिसतात, पण त्यांना पाय फुटत नाहीत. व्यायामाची सायकल आहे. ती जागची हलत नाही, पण तिच्यावर टॉवेल छान वाळतात. तसाच हा ड्रोन. डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा चढवायचा आणि ड्रोनच्या नाकावर बसल्यासारखं जग बघत तो उडवायचा. ह्यांनी तो पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीत घुसवला. वहिनींनी तो चादरीसकट आणून दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं विमान माझ्याकडे मुक्कामाला आलं होतं." त्यानंतर ह्यांनी ड्रोनकडे पाठ फिरवली.

मी शिवणवर्ग चालवते. बायका गेल्यावर मी एकदा सहज तो चष्मा लावला. मशीनच्या पायट्यावर पाय हलका-जड करत सुईला वळणावरून नेणं, आणि बोटाखालच्या दांडीनं या पाखराला वळवणं, यात मला फारसा फरक दिसला नाही. मागच्या मैदानात पडत-झडत मी उडवायला शिकले. घरात त्याची कुणी दखल घेतली नाही. बाईच्या हौशीला आमच्याकडे "वेळ जातो तिचा" म्हणतात.

दखल घेतली ती टाकीची पाटी लागल्यावर.

आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी आहे. आहे म्हणजे होती. तिला तडे गेले, शिडी गंजून निम्म्यावर तुटली, आणि खात्यानं ती पाडायचं ठरवून फाटकावर पाटी लावली. त्या दिवसापासून मामंजींचं जेवण निम्म्यावर आलं.

ती टाकी बांधली तेव्हा मामंजी नोकरीत नवे होते आणि लग्नातही नवे होते. वरच्या घुमटाचा गिलावा अजून ओला होता. दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. वरून गाव कसं दिसतं ते बघायचंय म्हणाल्या, चपला खाली काढल्या आणि शिडीनं सरसर वर गेल्या. झाकणाशेजारच्या ओल्या सिमेंटवर त्यांचं पाऊल उमटलं. गवंडी थापी फिरवायला निघाला, तर मामंजींनी त्याचा हात धरला. राहू दे म्हणाले.

हे मामंजींचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं वेगळं.

"मी? टाकीवर? मला स्टुलावर चढलं तरी घेरी येते."

"अगं, तूच होतीस!"

"असेल कुणीतरी. ह्यांनी कुणाला वर नेलं होतं, ते ह्यांनाच ठाऊक."

आणि अशा हसायच्या की मामंजी ताट सरकवून उठायचे. पाहुणे आले की हा खटला उभा राहायचा आणि दर वेळी निकाल सासूबाईंच्या बाजूनं लागायचा, कारण त्या हसत हसत बोलायच्या आणि मामंजी चिडून. मग सासूबाई गेल्या. खटला तसाच राहिला. पटावरच्या सोंगट्या तशाच ठेवून समोरचं माणूस उठून जावं तसा.

पाटी लागली त्या संध्याकाळी मामंजी माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुझं ते पाखरू टाकीवर जाईल?"

"जाईल की."

"मग त्याला नीटसा डोळा बसव. धुरकट नको. कोर्टात चालेल असा."

"कोर्टात कशाला, मामंजी?"

"घरातलं कोर्ट गं. नातेवाईक, शेजारी, हा माझा मुलगा, सगळे तिच्या पक्षातले. टाकी पडली की माझा साक्षीदार गेला. एकदाच सगळ्यांना बसवतो, दाखवतो आणि म्हणतो, बघा."

आता ड्रोनला स्वतःचा डोळा असतो, पण त्याचं चित्र चष्म्यात येईपर्यंत मुंग्यांनी भरतं. उडवायला पुरतं, कोर्टात चालत नाही. म्हणून ह्यांच्याच आणखी एका विझलेल्या हौशीतून काडेपेटीहून थोडा मोठा कॅमेरा निघाला. तो बांधला, तर ड्रोन पोट भरलेल्या कबुतरासारखा वीतभर उठला आणि खाली बसला. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, कॅमेऱ्याचं कवच काढा, आतली बॅटरी काढा, नुसतं काळीज ठेवा." काढलं. राहिलेला तो उघडा जीव बघून मलाच थंडी वाजली.

बॅटरी काढली, मग वीज कुठून? ड्रोनच्या बॅटरीतून. पण ड्रोनची बॅटरी आडदांड, आणि हा कॅमेरा नाजूक. याला पाचच व्होल्ट सोसतात. ड्रोनच्या सर्किटच्या पट्टीवर पाच व्होल्टची एक जागा होती, तिथं मी पहिल्यांदा वायर जोडली. तर कॅमेरा सुरू झाला की चष्म्यातलं चित्र डोळे मिटायचं. ताट एक आणि जेवणारे दोघं, दुसरं काय! म्हणजे कॅमेऱ्याचं ताट वेगळं वाढायला हवं. थेट बॅटरीतून वायर घ्यायची आणि मध्ये व्होल्टेज उतरवणारी एक नखाएवढी पट्टी बसवायची. ही पट्टी म्हणजे घरातली समजूतदार आत्या. एका बाजूनं आरडाओरडा ऐकून घेते, दुसऱ्या बाजूला गोड शब्दांत सांगते.

मी त्या आत्याला उलटी बसवली. लाल जिथं हवी तिथं काळी. धुराची एक बारीक, देखणी रेघ निघाली आणि आत्या गेल्या.

धुराच्या मागोमाग व्होल्टकाका आले. वीज खात्यातून निवृत्त झालेले आमचे वरच्या मजल्यावरचे काका. त्यांना वास आधी येतो, बोलावणं कधीच येत नाही.

"अर्थिंग दिलंय का?"

"काका, उडणाऱ्या वस्तूला अर्थिंग कसं देणार?"

"तेच म्हणतोय मी. म्हणून वस्तूंनी उडू नये."

खालच्या वहिनींनी शांतपणे विचारलं, "या वेळेस चादर काढून ठेवू का आधीच?" शिवणवर्गातल्या एकीनं टाकीच्या शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून लांब काठीला मोबाइल बांधायचा उपाय सांगितला, आणि दुसरीनं काठी किती लांब लागेल याचा हिशेब माझ्या मापाच्या टेपनं सुरू केला. आमचे हे आरामखुर्चीतून म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं." काय म्हटलं होतं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

नवी पट्टी आणली. या वेळी प्रत्येक वायरीला रंगीत दोरा बांधून खूण केली आणि डाग द्यायला बसले. सोल्डरिंगची सळई तापली, पहिला डाग चांगला बसला, तेवढ्यात दारावर गिऱ्हाईक आलं. परत येऊन दुसरा डाग दिला. शिसं जरा हट्टानं वितळलं, वर राखाडी दिसलं. मला वाटलं, असेल. नंतर कळलं की मी दाराशी गेले तेवढ्यात मामंजींनी सळईचा प्लग काढून वायरीची गुंडाळी केली होती.

"तू उठलीस, मला वाटलं झालं."

तो कच्चा टाका होता. मैदानात ड्रोन उठला, मोटरी थरथरल्या आणि टाका उसवला. कॅमेरा हवेतच आंधळा. जन्मभर वर्गातल्या मुलींना मी सांगत आले की कच्चा टाका हा पक्क्यासाठी असतो, त्यावर कपडा घालून मिरवू नये. आणि इथं मीच तो घालून मैदानात मिरवले होते. उसवला, पुन्हा घातला. पक्का.

मध्ये परवानगीचंही झालं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, उघडले.

"बाई, टाकी आमची. टाकीतलं पाणी आमचं. पण टाकीवरची हवा आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येते?"

"ते बघावं लागेल."

हवा कुणाची हे बघण्यात मी बऱ्याच खुर्च्यांसमोर उभी राहिले. शेवटी मामंजी स्वतः काठी टेकत आले. साहेबांच्या मागच्या भिंतीवर टाकीच्या उद्घाटनाचा फोटो होता, त्यातल्या कडेच्या काटकुळ्या मुलावर त्यांनी काठीचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "हा मी." साहेबांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा मामंजींकडे. एका सकाळची परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून पाडकाम सुरू होणार होतं, त्यामुळं दुसरी सकाळ मागण्यात अर्थ नव्हता.

आता या कॅमेऱ्याची एक खोड सांगायलाच हवी. त्याची स्वतःची बॅटरी आपण काढून घेतलेली. ड्रोनची बॅटरी जोडली की तो जागा होतो, मग त्याचं बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकतो, चित्रण सुरू. उतरल्यावर आधी बटण दाबून चित्रण थांबवायचं, दिवा विझू द्यायचा आणि मगच बॅटरी काढायची. दिवा जळत असताना बॅटरी ओढली तर त्याच्या तोंडातला शब्द तोंडातच राहतो. फाइल मिटत नाही, मग उघडतही नाही.

आणि मामंजींनी हट्ट धरला की जोडणं-काढणं तेच करणार. "साक्ष माझी आहे. मी नुसता बसून राहू?"

मी त्यांना इतक्यांदा पढवलं की माझ्या तोंडून, मशीनच्या तालावर, ओवीच बाहेर पडली:

आधी दाबावं बटण, मग विझू द्यावा दिवा,
तोवर बॅटरीला हात, बाई, कुणी गं लावावा?

मामंजी ती ओवी स्वयंपाकघरात म्हणायचे, जिन्यात म्हणायचे. म्हणता म्हणता माझ्या इस्त्रीचा प्लग काढायचे.

त्या सकाळी वारा पडला होता. टाकीखाली अर्धी गल्ली जमली. व्होल्टकाका रबरी बूट घालून आले होते. खालच्या वहिनी खुर्ची घेऊन आल्या, मामंजींसाठी म्हणून, आणि स्वतःच बसल्या. आमचे हे लोकांना ड्रोनची माहिती देत होते, आणि त्या माहितीत "मी" हा शब्द फार येत होता. मामंजींसमोर स्टुलावर छोटा पडदा ठेवला, चष्म्यात मला दिसेल तेच धुरकट चित्र त्यांनाही दिसावं म्हणून.

मामंजींनी बॅटरी जोडली. बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला. मी चष्मा चढवला.

गल्ली खाली गेली. भिंत सरकत राहिली, तड्यांची, ओघळांची, कुठंतरी उगवलेल्या पिंपळाच्या रोपाची. मग कठडा आला, आणि त्याच्यामागं राखाडी घुमट, एखाद्या म्हाताऱ्याच्या टकलासारखा, उन्हात. मला तिथं शेवाळाचे डाग आणि चित्रातल्या मुंग्या यांत फरक करता येत नव्हता. त्यातून माझं अर्धं लक्ष बॅटरीच्या उतरत्या आकड्याकडे.

"झाकण दिसतंय का?" मामंजींचा आवाज.

"दिसतंय."

"त्याच्या उजवीकडे. खाली घे. आणखी. थांब."

मी थांबवला. मोटरी घोंघावत होत्या.

"मामंजी? दिसतंय काही?"

खूप वेळानं, म्हणजे मला हवेत खूप वाटला तेवढ्या वेळानं, ते म्हणाले, "आण खाली. बस झालं."

मी त्याला अलगद सतरंजीवर उतरवलं. मोटरी थांबवल्या. चष्मा काढते तोच समोर मामंजी वाकलेले, आणि कॅमेऱ्याचा दिवा लाल, लुकलुकता.

"मामंजी, आधी बटण..."

खट्. बॅटरी त्यांच्या हातात.

सगळी गल्ली एकदम बोलू लागली. मी घरी धावले, कार्ड संगणकात घातलं. फाइलला नाव होतं, आत काही नव्हतं. उघडतच नव्हती.

"चुकलं गं," मामंजी दारात उभे राहून म्हणाले. "हात सवयीनं गेला."

"सवयीचा माणूस," खालच्या वहिनी म्हणाल्या. "बाबांना हे काम द्यायलाच नको होतं," हे म्हणाले, आणि "मी तेव्हाच म्हटलं होतं" हेही. व्होल्टकाकांनी जिन्यात निकाल दिला: "अर्थिंग." पुढचे काही दिवस मी मामंजींना चहा द्यायचे तो नुसता चहाच असायचा, सोबत बोलणं नसायचं. गिऱ्हाइकाच्या झब्ब्याला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तिकडं टाकीवर हातोडे पडत होते, आणि प्रत्येक घावाबरोबर मला माझे टाके आठवत होते.

त्याच सुमारास एका दुपारी कॅमेरा सोडवून परत त्याच्या कवचात घालावा म्हणून मी सगळं मांडून बसले. काढण्यापूर्वी जिवंत आहे का बघावं म्हणून बॅटरी जोडली. कार्ड मी परत आतच घालून ठेवलं होतं. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर काहीतरी फिरायला लागलं, खाली लिहिलेलं: फाइल दुरुस्त होत आहे. मला हे ठाऊकच नव्हतं. तो वेडा जीव जागा झाला होता आणि अडकलेला शब्द पुरा करत होता.

मी चित्रण लावलं. मुंग्या नव्हत्या. घुमटावरची भेग न् भेग दिसत होती. झाकण. उजवीकडे, खाली.

पाऊल होतं.

लहानसं, डावं. शेवाळानं त्याच्यात हिरवं पाणी भरल्यासारखं दिसत होतं. आणि दुसरं बोट अंगठ्याहून लांब. शेजारी दुसऱ्या पावलाची नुसती टाच. कुणीतरी हाक मारली आणि ती वळली, अशी.

तेवढ्यात मला आठवलं. ड्रोनच्या बॅटरीचा तो प्लग इतका घट्ट बसतो की मला दोन्ही हातांनी, दात खाऊन ओढावा लागतो. तो सवयीनं निघत नाही.

मी वळले. मामंजी मागं उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"मामंजी, तुम्ही मुद्दाम..."

ते स्टुलावर बसले. पडद्याकडे बघत राहिले.

"दिसलं मला त्या दिवशी. धुरकट होतं, पण कुठं बघायचं ते ठाऊक होतं. आणि मागं सगळी गल्ली. मनात म्हटलं, आता हे सगळे म्हणणार, अरे, म्हणजे काकू जन्मभर खोटं बोलल्या!"

"पण तुम्ही जिंकला असतात की!"

"कुणाशी? ती समोर असती तर गोष्ट वेगळी. तिनं लगेच काहीतरी काढलं असतं. पाय माझ्या बहिणीचा आहे म्हणाली असती." ते हसले. "तिला उत्तर देता येत नाही, अशा वेळी तिला खोटं पाडू?"

माझा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. पण मान माझीही खाली गेली होतीच की. "आणि माझं काय, मामंजी? सगळी गल्ली म्हणते, इतका खटाटोप करून हिच्या हाती काही लागलं नाही."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "ते खरं आहे. तुझं नुकसान झालं." मग म्हणाले, "तुझी इच्छा असेल तर दाखव. टाका तुझा आहे."

मी पडद्याकडे बघितलं. वळलेली ती टाच.

"एकदा परत लावू?" मी विचारलं.

आम्ही ते परत बघितलं. मग मी म्हटलं, "आता बंद करा." मामंजींनी बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले आणि दिवा विझेपर्यंत शहाण्या मुलासारखे बसून राहिले. मग दोन्ही हातांनी, दात खाऊन, बॅटरी ओढली.

संध्याकाळी व्होल्टकाका आणि खालच्या वहिनी चहाला आले होते. हे सोफ्यावर बसून, समोरच्या टेबलावर पाय पसरून, ड्रोनमध्ये नेमकं काय चुकलं ते समजावत होते.

"पण काका, खरं सांगा," वहिनींनी मामंजींना विचारलं, "त्या छोट्या पडद्यावर तुम्हाला तरी काही दिसलं होतं का?"

"छे! शेवाळ नुसतं. ती म्हणायची तेच खरं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," हे म्हणाले आणि पायाची बोटं ताणून आळस दिला.

मामंजींनी त्या पायांकडे बघितलं. अंगठा, आणि त्याच्यापुढं डोकावणारं दुसरं लांब बोट. मग माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. मी कप तोंडाशी नेला तर चहा नाकात गेला.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मामंजी म्हणाले, आणि उठून टेबललॅम्पचा प्लग काढायला गेले.